गुठळी विरघळते, पेशींचं काय?

अल्टेप्लेज हे औषध कुपीत पांढऱ्या भुकटीच्या रूपात येतं. सोबतचं निर्जंतुक पाणी त्यात सोडायचं आणि कुपी हलक्या हातानं फिरवायची. जोरात हलवली तर फेस होतो. रुग्णाचं वजन ७० किलो असेल तर डोस होतो ६३ मिलिग्रॅम. त्यातले ६.३ मिलिग्रॅम मिनिटभरात शिरेत द्यायचे आणि उरलेले ५६.७ पुढच्या तासाभरात पंपातून सोडायचे. अर्धांगवायूचा झटका येऊन साधारण साडेचार तास उलटायच्या आत आणि मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटी स्कॅनवर पाहिल्यानंतरच हे इंजेक्शन देतात. बहुतेक झटके मेंदूच्या धमनीत गुठळी अडकल्यामुळे येतात, पण रक्तस्रावामुळे आलेल्या झटक्यात हेच औषध जिवावर बेतू शकतं.

हे औषध मुळात आपल्या शरीरातलंच एक विकर आहे. त्याचं नाव टिश्यू प्लास्मिनोजेन ॲक्टिव्हेटर, थोडक्यात टीपीए. ते रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तयार होतं. रक्तात निष्क्रिय फिरणाऱ्या प्लास्मिनोजेनचं ते प्लास्मिन बनवतं आणि प्लास्मिन गुठळीतले फायब्रिनचे धागे तोडतं. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन इथं देझिरे कोलेन यांच्या गटानं ते त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींमधून शुद्ध केलं. त्याच्या जनुकाचं क्लोनिंग अमेरिकेत जेनेन्टेक कंपनीत डायान पेनिका आणि सहकाऱ्यांनी केलं आणि ते १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. १९८७ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यासाठी औषधाला मान्यता मिळाली.

मेंदूच्या बाबतीत १९९५ हे वर्ष महत्त्वाचं. त्या डिसेंबरात ६२४ रुग्णांवरच्या अमेरिकी चाचणीचे निकाल छापून आले. तीन तासांच्या आत टीपीए मिळालेल्यांपैकी ३९ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी जवळपास पूर्ववत झाले होते. औषधाविना हे प्रमाण २६ टक्के होतं. त्याची किंमतही होती. मेंदूत गंभीर रक्तस्राव औषध घेतलेल्या ६.४ टक्के रुग्णांना झाला, न घेतलेल्या ०.६ टक्क्यांना. तरीही मृत्यू वाढले नाहीत आणि १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

त्याच १९९५ मध्ये ‘नेचर’मध्ये स्टेला त्सिर्का आणि सिडनी स्ट्रिकलँड यांच्या गटाचा शोधनिबंध आला. त्यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी निगडित भागात, एका बाजूला केनेट हे रसायन टोचलं. ते चेतापेशींना इतकं उत्तेजित करतं की त्या मरतात. काही दिवसांनी मेंदूचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. साध्या उंदरांमध्ये टोचलेल्या बाजूची पेशींची दाट, जांभळी रांग बऱ्याच ठिकाणी नाहीशी झाली होती. टीपीएचं जनुकच काढून टाकलेल्या उंदरांमध्ये मात्र ती रांग बहुतांशी शाबूत होती. रुग्णाच्या शिरेत जे सोडायचं, तेच मेंदूत पेशींच्या मृत्यूला हातभार लावत होतं.

पण टीपीए मेंदूत असतंच कशाला? ते चेतापेशी स्वतःच बनवतात. १९९३ मध्ये एरिक कँडेल यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं होतं, की चेतापेशींमधले जोड दीर्घकाळ बळकट होताना टीपीएचं जनुक चटकन जागं होतं. शिकण्याच्या कामात या विकराचा वाटा आहे.

गोची होते ती रक्तपुरवठा थांबल्यावर. प्राणवायूविना पेशींमधून ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सांडतं, त्याला प्रतिसाद देणाऱ्या एनएमडीए ग्राहींची दारं उघडी राहतात, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी मरते. टीपीए या ग्राहीचा एक भाग कापतं आणि त्यामुळे कॅल्शियम आणखी आत येतं, असं फ्रान्समधल्या काँ शहरातल्या संशोधकांनी २००१ मध्ये मांडलं. त्याआधी स्ट्रिकलँड यांच्या गटानं दुसरी वाट दाखवली होती. प्लास्मिन पेशींना धरून ठेवणारं लॅमिनिन हे प्रथिन तोडतं आणि पेशींचा आधारच सुटतो. १९९८ मध्ये आणखी एक प्रयोग झाला. उंदरांच्या मेंदूची धमनी बारीक दोऱ्यानं अडवली, तेव्हा टीपीए नसलेल्यांचा मृत भाग जवळपास निम्माच निघाला आणि बाहेरून टीपीए दिल्यावर तो वाढला.

इथं मला थांबावंसं वाटतं. दोऱ्यानं अडवलेली धमनी दोरा काढल्यावर उघडते, टीपीएमुळे नाही. म्हणजे औषधाचा मुख्य फायदा प्रयोगातून आधीच वजा झालेला असतो आणि मोजलं जातं ते फक्त नुकसान. माणसाच्या धमनीत दोरा नसतो, गुठळी असते. अमेरिकेतले जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला होता, की मोठी धमनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. म्हणून हे प्रयोग वाचून संमतिपत्रावर सही करायला कुणी कचरत असेल, तर ते मला चुकीचं आणि घातक वाटतं.

शिवाय विरुद्ध पुरावाही आहे. मॅन्युएल येपेस यांच्या गटानं २०१० मध्ये दाखवलं, की उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये टीपीए पेशींना वाचवतंही. मात्रा किती, ग्राही कुठला, आणि त्याला आवर घालणारं न्यूरोसर्पिन जवळ आहे की नाही, यावर सगळं ठरतं.

माझ्या मते रुग्णाच्या दृष्टीनं कळीचा प्रश्न रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पडद्याचा आहे. २००८ मध्ये दिसलं, की टीपीए पीडीजीएफ-सीसी नावाचं प्रथिन जागृत करतं आणि हा पडदा सैल होतो. मग विकर रक्तातून मेंदूच्या ऊतीत शिरतं आणि रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. रक्ताच्या कर्करोगावरचं इमॅटिनिब देऊन उंदरांमध्ये हा दोष कमी करता आला.

औषधही बदलत गेलं. रक्त पिणाऱ्या वटवाघळाच्या लाळेतल्या विकरावरून बनवलेलं डेस्मोटेप्लेज प्रयोगशाळेत चेतापेशींना अपाय करत नव्हतं, पण मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. टेनेक्टेप्लेज मात्र टिकलं. टीपीएच्याच साखळीतली मोजकी अमिनो आम्लं बदलून ते केलंय; ते रक्तात जास्त वेळ राहतं आणि तासभराच्या पंपाऐवजी एकाच इंजेक्शनात देता येतं. भारतात ते बनवणाऱ्यांत पुण्याची जेनोव्हा कंपनी आहे. अमेरिकेत अर्धांगवायूच्या झटक्यासाठी त्याला मान्यता मिळाली ती २०२५ मध्ये.

पेशींच्या प्रश्नाला सर्वांत जवळून भिडणारी चाचणी बार्सिलोनातली. धमनीतून नळी घालून गुठळी बाहेर काढल्यावरही बारीक वाहिन्यांत कण उरतात. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी मोठी धमनी मोकळी झाल्यानंतर त्याच नळीतून थोडं अल्टेप्लेज थेट मेंदूच्या धमनीत सोडलं. औषध जखमी पेशींच्या अगदी शेजारी पोचत होतं. २०२२ मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी जवळपास पूर्ववत झालेले रुग्ण औषधाच्या गटात ५९ टक्के होते, दुसऱ्या गटात ४०.४ टक्के. चाचणी लहान होती, ठरल्यापेक्षा आधी थांबवावी लागली आणि नंतरच्या तशाच चाचण्यांचे निकाल संमिश्र आले. पण उंदरांमध्ये दिसलेलं विष या रुग्णांमध्ये तरी वरचढ ठरलं नाही.