एका तबकडीची वाटणी

दरवर्षी १२ जानेवारीला मी सिंदखेडराजाला जातो. जिजाऊंचा जन्मदिवस. चिखलीहून निघालेली एस.टी. त्या दिवशी इतकी भरलेली असते की, देऊळगावराजा येईपर्यंत माणूस स्वतःच्या पायांवर उभा आहे की शेजाऱ्याच्या, हे कळत नाही. लखुजीराव जाधवांच्या वाड्यासमोर माणसांचा पूर लोटलेला असतो. पुस्तकांची दुकाने, फुगेवाले, भजीवाले, आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून वाहणारा कर्ण्यांचा आवाज. त्या आवाजात कधी ना कधी कुसुमाग्रजांचे प्रतापराव गुजरांवरचे ते गीत लागतेच. लतादीदींचा स्वर घोड्यांच्या टापांवर स्वार होऊन येतो, गर्दी क्षणभर थबकते आणि मी मात्र वेगळ्याच गोष्टीची वाट पाहत उभा राहतो. गीतात एक जागा आहे. तिथे ‘खट्ट’ असा आवाज व्हायला हवा. तो होत नाही. दरवर्षी होत नाही आणि दरवर्षी मी चुकतो.

त्या ‘खट्ट’ची ही गोष्ट आहे.

१९७४ साली शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने एच.एम.व्ही.ने ‘शिवकल्याण राजा’ ही ध्वनिमुद्रिका काढली. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, स्वर लतादीदींचा आणि गीतांना जोडणारे निवेदन बाबासाहेब पुरंदरे यांचे. आमचे अण्णा चिखलीजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. कुठल्याशा कामासाठी खामगावला गेले आणि पगाराचा बराच मोठा तुकडा खर्चून ती रेकॉर्ड घेऊन आले. आईने पिशवीत हात घातला तर हाताला साखरेऐवजी ही चौकोनी पुठ्ठ्याची वस्तू लागली. तिने एकच प्रश्न विचारला, “अन् हे वाजवायचं कशावर?”

प्रश्न बिनतोड होता. घरात रेकॉर्ड प्लेअर नव्हता. नंतरची दोन वर्षे ती तबकडी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात उभी होती. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचे. महिन्यातून एखाद्या रविवारी अण्णा तिला धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळून गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन जात, मागे आम्ही दोघे भाऊ. पुढे पगाराच्या फरकाची रक्कम हाती आली आणि आमच्या घरात स्वतःचा रेकॉर्ड प्लेअर आला. त्या दिवशी ओसरीवर माणूस मावत नव्हता.

आजच्या वाचकाला वाटेल, गाणी ती गाणी, त्यात एवढे काय? पण ही सुटी सुटी गाणी नव्हती. समर्थ रामदास आणि कविराज भूषण हे शिवकाळातले. गोविंदाग्रज, सावरकर, कुसुमाग्रज आणि शंकर वैद्य हे आपल्या जवळच्या काळातले. तीनशे वर्षांच्या अंतरावरचे हे कवी एका तबकडीवर एकाच माणसाबद्दल बोलत होते. कुणाची मराठी ओवीच्या वळणाची, कुणाची संस्कृतप्रचुर, आणि भूषणाची तर ब्रजभाषा. आमच्या गावात ब्रज कुणाला कळणार? पण भूषणाचा तो छंद सुरू झाला की म्हाताऱ्या माणसांच्या माना आपोआप डोलू लागत. एका बाजूवरची गाणी संपली की अण्णा उठून तबकडी उलटी करीत आणि तेवढ्या वेळात कुणीही बोलत नसे. जणू कीर्तनाचा पूर्वरंग संपून आख्यान लागायचे होते.

सगळ्यांचे आवडते गाणे वेगळे. दादाला पावनखिंडीतल्या बाजीप्रभूंचे, मला प्रतापरावांचे. आजीला मात्र एकच, गोविंदाग्रजांचा पाळणा. जिजाऊ बाळ शिवबाला निजवते आहे. आजीचे माहेर सिंदखेडराजाजवळचे. त्यामुळे जिजाऊ तिच्या लेखी इतिहासातली कुणी नव्हे, माहेरची बाई होती. एकदा तो पाळणा संपल्यावर अण्णांनी त्यांच्या मास्तरी आवाजात सांगितले, “२५ जुलै १६२९ ला दौलताबादला निजामशाहाच्या दरबारात लखुजीरावांना दग्यानं मारलं. सोबत अचलोजी अन् राघोजी हे मुलगे, यशवंतराव हा नातू. शिवराय जन्मले १९ फेब्रुवारी १६३० ला.”

आजीने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, “म्हंजे बाप, भाऊ जाऊन सातच महिने झाल्ते. पोटात लेकरू व्हतं अन् माहेर बुडालं. अन् थे बाई पाळणा म्हनते. लावा रे, पुन्हा लावा थे.”

सुई पुन्हा मागे नेण्यात आली. त्या पाळण्यात इतकी हुरहूर कुठून येते, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. पुढे मी त्या गाण्यावर बरेच काही वाचले, पण आजीच्या बोटांवरच्या हिशेबाइतके खरे काही सापडले नाही.

आता ‘खट्ट’कडे येतो. १९७९ च्या उन्हाळ्यात आई-अण्णा लग्नाला गेले असताना आम्ही भावांनी रेकॉर्ड लावली. आधी बाजीप्रभू की आधी प्रतापराव, यावरून भांडण जुंपले. दादाने सुई उचलली, मी त्याचा हात ओढला, आणि प्रतापरावांच्या गाण्यावर एक आडवा चरा उमटला. ही तबकडी मिनिटाला ३३ आणि एक-तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. चऱ्यापाशी सुई पुढच्या खाचेत जाण्याऐवजी मागच्या खाचेत पडू लागली आणि तेच पावणेदोन सेकंद पुन्हा पुन्हा वाजू लागले. सात घोडेस्वार एकाच जागी दौडत राहिले!

संध्याकाळी अण्णांनी ते ऐकले. आम्ही मार खायच्या तयारीने भिंतीला टेकून उभे. अण्णा उठले, उजव्या हाताच्या बोटाने सुईच्या दांडीला हलकेच ढकलले. ‘खट्ट’ झाले आणि गाणे पुढे निघाले. “सातांतला एक घोडा इथं ठेचकाळतो,” एवढेच ते म्हणाले. त्यानंतर सतरा वर्षे, ती जागा आली की अण्णा बोट लावीत. कुणीतरी आमच्या रेकॉर्डवरून कॅसेट भरून नेली, तर तिच्यातही ते ‘खट्ट’ गेले. गावातल्या कितीतरी घरांत प्रतापरावांचे गाणे आमच्या अण्णांच्या बोटासकट वाजत होते.

१९९६ साली अण्णा गेले. वर्षभराने वाटणी झाली. घर, विहिरीतले पाणी, भांडी, सगळे मोजले गेले. बांधाचा वाद मात्र मिटेना. शेवटी रागारागात जे उरले होते त्यातला रेकॉर्ड प्लेअर दादाने उचलला, रेकॉर्ड मी घेतली. दोघांनाही ठाऊक होते की एकावाचून दुसऱ्याचा काही उपयोग नाही. तरी उचलली. वाटणीतली माणसे शहाणी नसतात. दादा पुण्याला गेला. तबकडी पुन्हा कोनाड्यात उभी राहिली. अकरा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

२००८ च्या जानेवारीत दादाचा मुलगा गावी आला. इंजिनिअरिंगला होता, कानात सदैव वायरी. काय ऐकतोस विचारले तर म्हणाला, “काका, पिंक फ्लॉइड. ‘द डार्क साइड ऑफ द मून’.” आणि पोरगा खुलला. मार्च १९७३ मध्ये निघालेली ही इंग्लंडच्या चौघांची रेकॉर्ड. लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओत मुद्रित झालेली. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. काळ, पैसा, मरण, वेड असे विषय, आणि सगळी गाणी मिळून एक विचार. हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होते आणि ठोक्यांनीच संपते. १९७३ ते १९८८ या काळात अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’च्या खपाच्या यादीत ती ७४१ आठवडे होती. लोक अजून ती मधूनच एखादे गाणे काढून ऐकत नाहीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून ऐकतात. कितीजणांकडे तर वडिलांच्या वेळची जुनी काळी तबकडी आहे, मुखपृष्ठावर काचेच्या लोलकातून फाकलेले रंग.

“वडिलांच्या वेळची?” मी विचारले.

“हो. मुलं तीच ऐकतात. नवी स्वच्छ प्रत मिळत असूनही.”

मी उठलो आणि कोनाड्यातून आमची तबकडी काढून त्याच्या हातात दिली. एका वर्षाच्या अंतराने जन्मलेल्या या दोन तबकड्या. एकीत लंडनची घड्याळे वाजतात, दुसरीत घोड्यांच्या टापा. पण माणसे त्यांच्याशी एकाच रीतीने बांधली गेली होती. पोराने ती उलटसुलट पाहिली आणि खाली मान घालून म्हणाला, “प्लेअर गाडीत आहे. बाबांनी दिलाय. म्हणाले, काका रेकॉर्ड काढतील तरच काढ.”

ओसरीवर प्लेअर मांडला. सुई नवी होती, दादाने घालून ठेवलेली. तबकडी फिरू लागली. पोराने न विचारता पुण्याला फोन लावला आणि फोन प्लेअरजवळ धरला. पलीकडून काही आवाज नाही. आजीचा पाळणा झाला, बाजीप्रभू झाले. मग प्रतापराव निघाले. ती जागा आली आणि सुई अडली. तेच पावणेदोन सेकंद, पुन्हा, पुन्हा. मी हात जोडल्यासारखा नुसता बसून होतो. माझ्याने उठवेना.

फोनमधून आवाज आला, “अरे, बोट लाव ना!”

अकरा वर्षांनंतरचे ते दादाचे पहिले शब्द. मी बोट लावले. खट्ट.

बांधाचा वाद त्या दिवशी मिटला, असे लिहिले तर ती कादंबरी होईल. तो पुढे चार वर्षे चालला आणि मोजणीदाराने मिटवला. पण बोलणे सुरू झाले, ते थांबले नाही. पुरंदऱ्यांच्या इतिहासलेखनावर पुढे बरेच वाद झाले, त्यावरही आम्ही भाऊ फोनवर तासतास भांडलो. ६ फेब्रुवारी २०२२ ला लतादीदी गेल्या, तेव्हा सकाळीच दादाचा फोन आला. म्हणाला, “पाळणा लाव.” बाकी काही बोलला नाही. मी लावला.

रेकॉर्ड आता माझ्याकडे आहे आणि प्लेअरही माझ्याकडेच. दादाने तो परत मागितला नाही. माझ्या मुलीने मला मोबाइलवर सगळी गाणी घालून दिली आहेत, स्वच्छ, चऱ्याविना. चांगली आहेत. पण तिथे प्रतापराव न अडखळता निघून जातात.

गेल्या १२ जानेवारीला दादा मुद्दाम पुण्याहून आला. आम्ही दोघे म्हातारे लखुजीरावांच्या वाड्याच्या दगडी दरवाजापाशी उभे होतो. मी त्याला म्हटले, “६ जूनला राज्याभिषेक पाहिला अन् १७ जूनला माउली गेली. अकरा दिवस.” तो म्हणाला, “पाहिला ना पण.” तेवढ्यात कर्ण्यावर घोड्यांच्या टापा सुरू झाल्या. बोलणे थांबले. ती जागा आली, तेव्हा मी दादाकडे पाहिले. गर्दीत उभ्या असलेल्या माझ्या भावाचे उजव्या हाताचे बोट हवेतच, हलकेच पुढे झाले होते.