सुपरमॅन परत आला, आजोबा येतील का?

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी एका घरी रुग्णाला तपासून जिना उतरत होतो. मागून धावत्या पावलांचा आवाज आला. त्या घरातला नऊ वर्षांचा नातू हातात एक रंगीत चित्रकथा घेऊन उभा होता. "डॉक्टरकाका," त्याने हळू आवाजात विचारले, "सुपरमॅन मेला होता, पण नंतर परत आला. आजोबा मेले तर तेही येतील ना?"

त्या घरात 'मरण' हा शब्द तोवर कोणीही उच्चारला नव्हता. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या गृहस्थांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला होता आणि निदान झाले तेव्हाच तो यकृतात पसरलेला होता. मुलाने दवाखान्यात येऊन हात जोडून सांगितले होते, "डॉक्टर, बाबांना काही कळता कामा नये." मी होकार दिला. घरात सर्वजण 'यकृताची सूज' म्हणत होते आणि मीही तेच म्हणत होतो. ज्याला कोणी काहीच सांगितले नव्हते, त्या मुलाने मात्र नेमका प्रश्न विचारला. मी त्याच्या पाठीवर थोपटले, "अभ्यास कर हं" असे काहीसे पुटपुटलो आणि छत्री उघडून चालू लागलो. तीस वर्षांच्या व्यवसायात इतके केविलवाणे उत्तर मी क्वचितच दिले असेल.

ते उत्तर मनाला लागून राहिले. माझी मुलगी या सुपरहिरोंच्या चित्रकथांची जुनी वाचक आहे. तिच्याकडून काही अंक मागून घेतले आणि पुढचे काही आठवडे रात्री जेवणानंतर ते वाचले. मुलांचा पोरखेळ म्हणून ज्याकडे मी कधी पाहिले नव्हते, त्यात आजारपण, मरण आणि शोक यांविषयी बरेच काही निघाले. त्यातले काही फसवे आहे, तर काही आपल्या घराघरांत उपयोगी पडावे इतके खरे आहे.

तात्पुरते मरण

प्रथम फसव्या भागाविषयी. नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत 'सुपरमॅन' या मासिकाचा पंचाहत्तरावा अंक आला. त्यात डूम्सडे नावाच्या राक्षसाशी झुंजताना सुपरमॅन मरतो. वर्तमानपत्रांनी ती बातमी केली, दुकानांसमोर रांगा लागल्या आणि अंकाच्या लाखो प्रती खपल्या. त्यानंतर वर्षही पूर्ण झाले नाही तोच, १९९३ मध्ये, सुपरमॅन परतला. अशा कथांत हे वारंवार घडते. लोकप्रिय नायक कायमचा गेला तर मासिक चालणार कसे? म्हणून तेथे मरण ही एक लांबलेली सुट्टी असते.

मोठ्या माणसाला हे कळते. लहान मुलाला मात्र, मरण म्हणजे परत न येणे, ही जाणीव साधारणपणे पाच ते सात वर्षांच्या वयात हळूहळू येऊ लागते आणि त्यानंतरही मनात कुठेतरी आशा रेंगाळत राहते. आपणही त्या आशेला नकळत खतपाणी घालतो. "आजी झोपली आहे", "आजोबा गावाला गेले आहेत" असे आपण सांगतो. मग ते मूल झोपायला घाबरते किंवा गावाला जाणाऱ्या प्रत्येकाला घट्ट धरून ठेवते. आणि आपण मोठी माणसे तरी काय करतो? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला "काही होत नाही, दिवाळीपर्यंत ठणठणीत व्हाल" असे जे आपण म्हणतो, ते तात्पुरत्या मरणासारखेच खोटे आश्वासन असते. ऐकणाऱ्याला ते बहुधा कळतेही. फक्त त्यानंतर त्याला बोलायला कोणी उरत नाही.

पलंगावर मरणारा वीर

आता खऱ्या भागाविषयी. १९८२ मध्ये मार्व्हल कंपनीने 'द डेथ ऑफ कॅप्टन मार्व्हल' नावाची एक दीर्घ चित्रकथा प्रसिद्ध केली. आजची मुले ज्या कॅप्टन मार्व्हलला ओळखतात ती स्त्री आहे. हा तिच्या आधीचा, क्री नावाच्या परग्रहवासी वंशातला योद्धा. कथा लिहिली आणि चितारली जिम स्टारलिन यांनी. त्यांच्या वडिलांचा मृत्यू कर्करोगाने झाला होता, आणि ते दुःख या पानांत उतरलेले जाणवते.

या योद्ध्याने पूर्वी एका लढाईत विषारी वायूची गळती थांबवताना तो श्वासावाटे घेतलेला असतो. काही वर्षांनी त्याला कर्करोग होतो. जगातले सारे बुद्धिमान नायक प्रयोगशाळेत एकत्र येतात, पण उपाय सापडत नाही. ज्या मनगटपट्ट्यांमुळे त्याच्या अंगी सामर्थ्य असते आणि रोगाची वाढही आजवर रोखली गेलेली असते, त्याच पट्ट्या आता उपचारांना आड येतात. शनीच्या टायटन या चंद्रावर, आपल्या पलंगावर, तो खंगत जातो. शेवटी कोणताही राक्षस त्याला मारत नाही. तो आजाराने मरतो, तुमच्या-आमच्यासारखा.

मला त्याच्यापेक्षाही त्याच्या खोलीत येणारी माणसे ओळखीची वाटली. त्याचा तरुण मित्र रिक जोन्स बातमी ऐकून प्रथम त्याच्यावरच चिडतो, तू हार कशी मानलीस म्हणून. मग तो शास्त्रज्ञ मित्रांवर भडकतो: एवढी यंत्रे बनवलीत, मग यावर औषध का नाही शोधले? असा तरुण मी अनेक अतिदक्षता विभागांच्या दाराशी पाहिला आहे. डॉक्टरांवर ओरडणारा हा मुलगा वाईट नसतो. तो घाबरलेला असतो. इमारतींवरून लीलया झेपावणारा स्पायडरमॅन त्या खोलीत मात्र फार वेळ थांबू शकत नाही. तोही ओळखीचा आहे. दर रविवारी फोन करणारा, पण भेटायला यायचे धैर्य न होणारा पुतण्या प्रत्येक कुटुंबात असतो. आणि ज्यांच्याशी आयुष्यभर वैर होते त्या स्क्रल जमातीकडूनही या मरणाऱ्या शत्रूसाठी सन्मानाचे पदक येते.

अखेरीस रिकही परत येतो आणि पलंगाशी बसतो. सगळे नायक भोवती उभे असतात. ज्यांनी जग अनेकदा वाचवले, त्यांच्या हातात आता करण्यासारखे एकच काम उरलेले असते: तेथे थांबणे. चित्रकार ते काम कमी लेखत नाही. ते पान पाहताना मला माझी आठवण झाली. कोणत्याही गंभीर रुग्णाकडे गेलो की मी आणखी एक तपासणी लिहून देतो, कारण लिहिणे सोपे असते आणि खुर्ची ओढून बसणे अवघड.

अपराधाची बोच

शोकाच्या बाबतीत या कथा अधिक प्रामाणिक आहेत. सुपरमॅन परत येतो, पण १९६२ च्या पहिल्याच कथेत गोळी लागून मेलेले स्पायडरमॅनचे बेनकाका मुख्य कथेत परत आलेले नाहीत. १९३९ मध्ये सांगितल्या गेलेल्या कथेत लहानग्या ब्रूसच्या डोळ्यांदेखत मारले गेलेले त्याचे आईवडीलही नाहीत. त्याच दुःखातून पुढे बॅटमॅन घडतो.

बेनकाकांना ज्याने मारले, त्या चोराला काही दिवसांपूर्वी अडवणे पुतण्याला सहज शक्य होते. "माझे काय जाते" म्हणून त्याने त्याला पळू दिलेले असते. ही बोच तो जन्मभर वागवतो. वाचकहो, माणूस गेल्यानंतर दवाखान्यात येणारे नातेवाईक मला हेच विचारतात. "महिनाभर आधी दाखवले असते तर?" "त्या रात्री मला झोप लागली नसती तर?" स्पायडरमॅनकडून चूक झाली होती, हे खरे. पण स्वादुपिंडाचा कर्करोग बहुतेक वेळा उशिरापर्यंत लक्षणेच दाखवत नाही. थकून डोळा लागणे हाही गुन्हा नव्हे. आपल्यापैकी ज्यांना अशी बोच आहे त्यांनी ती मनात न ठेवता आपल्या डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचारावी. बहुतेकदा तिचे उत्तर "नाही, त्याने फरक पडला नसता" असे असते, आणि ते ऐकण्याची गरज असते.

हातोडा उचलणारी

ज्या कथेने मला सर्वांत अस्वस्थ केले ती जेन फॉस्टरची. पूर्वी परिचारिका आणि पुढे डॉक्टर झालेल्या जेनला स्तनाचा कर्करोग होतो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या, जेसन आरन यांनी लिहिलेल्या कथामालेत ती थॉर देवाचा हातोडा उचलते आणि स्वतः थॉर होते. मात्र प्रत्येक वेळी हातोडा उचलताच तिच्या शरीरातली सर्व विषे धुऊन निघतात, आणि केमोथेरपीचे औषधही त्यात वाहून जाते. कर्करोग तेवढा राहतो. दर वेळी जगाला वाचवून ती अधिक आजारी होऊन परतते. तिला इशारा मिळतो, तरीही ती हातोडा उचलते. २०१८ च्या कथेत तो तिच्या प्राणांवर बेततो. त्यातून ती वाचते, तेव्हा हातोडा खाली ठेवून उपचारांकडे वळते.

ही कथा वाचत असताना माझ्या डोळ्यांसमोर त्या घरातल्या काकू होत्या. नवऱ्याला दर चार तासांनी औषध, रात्री कूस बदलून देणे, पातळ भाताची पेज, चादरी धुणे. मी एकदा सहज त्यांचा रक्तदाब पाहिला: १९० वर १०४. "गोळ्या घेता ना?" "संपल्या होत्या हो. यांच्यातच विसरले." कितीकांच्या घरी अशी हातोडा उचलणारी एक व्यक्ती असते! शुश्रूषा करणाऱ्यांनो, आपली औषधे रुग्णाच्याच डब्यात ठेवा, म्हणजे ती विसरली जाणार नाहीत. आठवड्यातून किमान दोन रात्री पूर्ण झोप मिळेल अशी पाळी घरातल्यांनी लावून घ्यावी. "मला कोणाची मदत नको" हे वाक्य धैर्याचे वाटते, पण ते रुग्णालाही महागात पडते.

त्या घरात पुढे काय झाले

त्यानंतरच्या भेटीत मी मुलाला बाजूला घेतले आणि म्हणालो, "मी खोटे बोलायला तयार झालो, ती माझी चूक होती. आता त्यांनी विचारले तर मी खोटे बोलणार नाही." तो गप्प राहिला, पण त्याने मला अडवले नाही. मी खुर्ची ओढून काकांजवळ बसलो. अशा वेळी थेट निदान सांगत सुटू नये, आधी विचारावे. "काका, तुम्हाला स्वतःला काय वाटतं आहे?" ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "डॉक्टर, सुजेसाठी एवढी माणसं रडत नाहीत. मला दोन महिने झाले कळून. यांना त्रास नको म्हणून बोललो नाही." म्हणजे दोन महिने ते आम्हाला सांभाळत होते.

त्या दिवसापासून कामे सोपी झाली. वेदनेसाठी उपशामक चिकित्सेतील तज्ज्ञांच्या सल्ल्याने मॉर्फीनच्या गोळ्या सुरू झाल्या. "सवय लागेल" ही भीती घरात होतीच. कर्करोगाच्या वेदनेसाठी, योग्य मात्रेत आणि देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फीनचे व्यसन लागणे विरळ असते. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून त्यासोबत पोट साफ होण्याचे औषधही दिले जाते. मुंबईत शांती अवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस १९८६ मध्ये सुरू झाले. आज मोठ्या शहरांत अशी सेवा, काही ठिकाणी घरी येऊनही, मिळते. उपचार थांबवणे असा तिचा अर्थ नाही. रोग हटत नसतानाही वेदना हटवता येते, एवढाच तिचा आग्रह आहे.

आणि नातवाचा प्रश्न? त्याचे उत्तर मला द्यावे लागले नाही. आमच्या पिढीला आठवत असेल, १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाली आणि मराठीतही निघू लागली. त्यातला मुखवटाधारी वेताळ, म्हणजे ली फॉक यांचा फँटम, जंगलातल्या लोकांना अमर वाटतो. काका शाळकरी वयात त्याचे भक्त होते. एका दुपारी त्यांनी नातवाला जवळ बसवून वेताळाचे गुपित सांगितले: तो अमर नाहीच. चारशे वर्षांत वीस वेताळ मेले, कवटीच्या गुहेत त्यांची थडगी आहेत. बाप मरतो, मुलगा तोच पोशाख चढवतो आणि तीच शपथ घेतो. लोकांना वाटते, तोच आहे.

"म्हणजे तुम्ही परत नाही येणार," नातू म्हणाला.

"नाही रे बाळा. मी नाही येणार." मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "बागेतल्या झाडांना पाणी कोण घालेल?"

काका दसऱ्याच्या आधी, घरीच, फारशा वेदनांशिवाय गेले. शेवटच्या दोन दिवसांत मुलगा उशाशी बसून होता. काकूंचा रक्तदाब आता आटोक्यात आहे. परवा गोळ्यांची चिठ्ठी नव्याने लिहून देण्यासाठी गेलो, तेव्हा नातू गॅलरीत झारी घेऊन उभा होता. त्याने मला काही विचारले नाही. मी मात्र या वेळी थोडा वेळ बसलो.