शुभेच्छापत्र: शाई, दाब आणि चिंचणीची डाय

पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी, वरोर, वाढवण या पट्ट्यात दागिन्यांच्या डाय कोरणारे कारागीर आहेत. पोलादाच्या ठोकळ्यात नक्षी उलटी आणि खोलगट कोरायची, मग पोलादाला पाणी देऊन ते कडक करायचं. त्यावर सोन्याचांदीचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की पानं, फुलं, वेलबुट्टी वर उठून येते. जवळच तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कॅम्लिनचा कारखाना आहे. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत हा उद्योग सुरू केला तो शाईच्या पुडी आणि वड्यांपासून. हाताने शुभेच्छापत्र करायचं तर शाई आणि डाय या दोनच गोष्टी नीट समजाव्या लागतात, आणि दोन्हींची जाण इथल्या मातीत आहे. दिवाळीला बाजारातली छापील कार्डं आणण्याऐवजी घरी करणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आधी कागद. ए-फोर आकाराचा, २५० जीएसएमच्या आसपासचा कागद मधोमध कापला की दोन कार्डं निघतात. प्रत्येक घडी घातल्यावर साधारण १०५ बाय १४८ मिलिमीटरचं होतं. घडी कागदाच्या धाग्याच्या दिशेनेच घालावी, नाहीतर कड फुटते. कागद हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, तिथली वाकाची रेघ हीच त्याची दिशा. घडीच्या जागी आधी संपलेल्या रिफिलने पट्टी धरून रेघ दाबून घ्यावी. पुण्याच्या शिवाजीनगरातली हातकागद संस्था १९४० पासून हातकागद बनवते आहे. असा चिंध्यांपासून केलेला कागद मिळाला तर फारच उत्तम, कारण तो उठावाचं काम छान धरतो.

शाई थेट कार्डावर लावू नये. कार्डापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर लहान असा वेगळा तुकडा घ्यावा, त्यावर पार्श्वभूमी करावी आणि मग तो चिकटवावा. बिघडला तर तुकडाच जातो, कार्ड वाचतं. स्पंजचा गोळा शाईच्या पॅडवर टेकवून आधी गुळगुळीत प्लास्टिकवर फिरवावा, आणि जात्यासारखा गोल हात चालवत बाहेरून कागदावर यावं. स्पंज पहिल्यांदा जिथे टेकतो तिथे शाईचा डाग बसतो; तो डाग कागदाबाहेरच पडू द्यायचा. दाब जवळजवळ नकोच. रंग गडद हवा असेल तर जोर न लावता थर वाढवावेत.

चिंचणीच्या किनाऱ्यावरची संध्याकाळ करायची म्हटली तर बहुतेक जण खाली पिवळा आणि वर निळा घेतात. तिथेच गडबड होते. पिवळ्याला निळा भिडला की मध्ये हिरवा पट्टा उमटतो, आणि आपल्याला तर मावळतीचं आभाळ हवं असतं. म्हणून पिवळ्यावर नारिंगी, त्यावर गुलाबी, मग जांभळा आणि अगदी वर निळा अशी चढण करावी. प्रत्येक रंग आधीच्या रंगावर बोटभर चढवायचा. फिकट रंग आधी, गडद नंतर. पाण्यात विरघळणारी शाई असेल तर शेवटी बोटांनी पाण्याचे थेंब शिंपडावेत, क्षणभर थांबून टिपकागदाने टिपावेत. थेंबाच्या जागी रंग उजळतो. फाउंटन पेनची शाईही पातळ करून चालते, पण ती उन्हात उडते. कार्ड वर्षानुवर्षं राहायला हवं असेल तर ड्रॉइंगची पिगमेंटवाली जलरोधक शाई वापरावी. तिच्यावर मात्र थेंबांची युक्ती चालत नाही.

समुद्राकाठच्या दमट हवेत शाई वरून कोरडी दिसली तरी आत ओली असते. तुकडा रात्रभर मोकळा ठेवावा, मगच जाड पुस्तकाखाली दाबावा. घाई केली की तो बाक धरतो आणि कार्डही वाकवतो.

आता डाय कट. कार्डासाठी मिळणारी डाय म्हणजे पातळ पोलादी आकार. त्याच्या एका बाजूला धारदार कड असते. ती हाताने फिरवायच्या रुळांच्या यंत्रात चालते. खाली प्लास्टिकची पाटी, त्यावर कागद, कागदावर धार खाली करून डाय, वर दुसरी पाटी. कुठे अर्धवट कापलं गेलं तर पाटीखाली एक साधा कागद सरकवावा. उगाच जोर लावून यंत्र मोडू नये. बारीक जाळीत कागद अडकतो, त्यासाठी डाय आणि कागदामध्ये बटर पेपर ठेवावा. पाट्या दर वेळी उलटसुलट कराव्यात, नाहीतर एकाच बाजूला वाकतात. काळ्या कागदातून कापलेली सुरूची झाडं त्या नारिंगी-जांभळ्या आभाळावर फार शोभतात. उरलेली चौकट फेकू नका; दुसऱ्या कार्डाची खिडकी तीच होते.

चिकटवताना फेविकॉल टूथपिकच्या टोकाने, अगदी थेंबाथेंबाने. उंची हवी तिथे फोमची दुतर्फा पट्टी. पोस्टाने पाठवायचं असेल तर उंच भाग तिकिटाच्या कोपऱ्यापासून लांब ठेवावा, कारण शिक्का तिथेच बसतो.

दागिन्याची डाय कागद कापत नाही, पण उठाव देते. किंचित ओलसर हातकागद तिच्यावर ठेवून वर जाड रबराचा तुकडा धरावा आणि दाब द्यावा. नक्षी कागदावर उमटते. खोल कोरीव डायवर कागद फाटतो, तेव्हा उथळ नक्षीच निवडावी. चिंचणीत राहत असाल किंवा तिकडे जाणं होत असेल, तर एखाद्या डाय कोरणाऱ्याला आपल्या कार्डापुरतं एक उथळ फूल कोरून द्यायला सांगा, आणि त्याच्या हाताची पूर्ण मजुरी द्या.