पेशीच्या तटाला पडणारे खिंडार

घोणस चावल्यानंतर काही तासांतच दंशाच्या अवयवावर सूज चढत जाते. दंशाच्या जागेतून रक्तमिश्रित पाणी झिरपत राहते. काही रुग्णांची लघवी लालसर वा गडद तपकिरी होते. नाग चावला तर त्या जागेची कातडी काळी पडून सडू लागते. या लक्षणांमागे अनेक कारणे असतात. त्यांतील एक महत्त्वाचे कारण मात्र डोळ्यांना दिसत नाही. शरीरातील प्रत्येक पेशीभोवती असलेल्या नाजूक पटलाला विषामुळे भोके पडतात आणि आतले बाहेर व बाहेरचे आत जाऊ लागते.

पेशीपटलाची जाडी कागदाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असते. ते मेदरेणूंच्या दोन थरांचे बनलेले असते, हे गॉर्टर व ग्रेंडेल या डच संशोधकांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींवरील प्रयोगातून मांडले. पुढे १९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन यांनी या पटलाचे प्रवाही चित्र उभे केले. त्यानुसार हे पटल ताठ भिंतीसारखे नसते, तर तेलाच्या तवंगासारखे हलते असते आणि त्यात प्रथिनांचे रेणू तरंगत असतात. प्रत्येक मेदरेणूला, म्हणजे फॉस्फोलिपिडला, पाणी आवडणारे एक डोके आणि पाण्यापासून दूर पळणाऱ्या दोन शेपट्या असतात. शेपट्या आत व डोकी बाहेर अशा रचनेमुळेच पटल सांधलेले राहते.

या पटलाचे खरे काम निवड करण्याचे आहे. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट असते. कॅल्शियमची गोष्ट नेमकी उलटी आहे. ते बाहेर आतल्यापेक्षा सुमारे दहा हजारपट अधिक असते. ही तफावत टिकवण्यासाठी पटलातील प्रथिने अहोरात्र ऊर्जा खर्चून आयनांची ने-आण करीत असतात. ही तफावत टिकली तरच पेशी जिवंत राहते.

सर्पविषातील फॉस्फोलिपेज ए-२ हे विकर या रचनेवर थेट घाव घालते. ते फॉस्फोलिपिडच्या दोन शेपट्यांपैकी ठरावीक एक शेपटी कापून टाकते. एक शेपटी गमावलेला रेणू पटलात नीट बसत नाही, तो जवळजवळ साबणासारखा वागू लागतो. विकराचा एकच रेणू स्वतः न खर्ची पडता हे काम पुन्हा पुन्हा करतो, म्हणून अत्यल्प विषही मोठी हानी करू शकते. नागाच्या विषात याखेरीज पेशीनाशक लघुप्रथिनेही असतात. त्यांची तीन बोटांसारखी टोके पटलाच्या मेदथरात रुततात आणि पटल फाडतात.

पटल पारगम्य झाले की घटना भराभर घडतात. सोडियम आत शिरते, त्यामागोमाग पाणी येते आणि पेशी फुगते. कॅल्शियमचा लोंढा तर अधिक घातक ठरतो. तो पेशीतलीच प्रथिनभंजक विकरे जागी करतो, स्नायूतंतूंना पीळ पाडतो आणि तंतुकणिकांमधील ऊर्जानिर्मिती बंद पाडतो. मात्र पेशी निमूटपणे हार मानत नाही. लहानसे छिद्र पडले, तर आत शिरणारे तेच कॅल्शियम दुरुस्तीची सूचना ठरते आणि आतल्या पटलबद्ध पिशव्या पृष्ठभागाशी येऊन मिनिटाच्या आत ठिगळ लावतात. विषाच्या माऱ्यापुढे मात्र ही दुरुस्ती अपुरी पडते.

मोठ्या प्रमाणावर स्नायू फुटले की त्यांतील पोटॅशियम रक्तात येऊन हृदयाची लय बिघडवू शकते. मायोग्लोबिन हे तांबूस प्रथिन मूत्रपिंडात उतरून लघवी गडद करते आणि मूत्रपिंडालाही इजा पोहोचवते. रुग्णालयात रक्तातील क्रिएटिन कायनेज मोजतात ते याचसाठी. पेशीच्या आत असायला हवे असे हे विकर रक्तात वाढलेले आढळले, तर स्नायूंचे तट ढासळल्याचे कळते.

मण्यारीचा दंश याहून फसवा असतो. तो सहसा दुखत नाही, सुजत नाही आणि बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. तिच्या विषातील फॉस्फोलिपेज चेतातंतूंच्या टोकांनाच नष्ट करते. परिणामी पापण्या मिटू लागतात आणि पुढे श्वसनाचे स्नायू लुळे पडतात.

प्रतिविषाचे सामर्थ्य आणि मर्यादा येथेच समजून येतात. घोड्यांना विषाच्या वाढत्या मात्रा देऊन त्यांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे म्हणजे प्रतिविष. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या निर्मितीशी अनेक दशके जोडलेले आहे. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालते. ते रक्तात फिरणाऱ्या विषाला जखडते. फाटलेले पटल मात्र ते शिवू शकत नाही. मेलेला स्नायू अथवा नष्ट झालेले चेतातंतूचे टोक त्यामुळे परत येत नाही. ते पुन्हा उगवेपर्यंत मण्यारीच्या रुग्णाला अनेकदा कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. फॉस्फोलिपेजला रोखणाऱ्या व्हॅरेस्प्लॅडिब या औषधाच्या चाचण्या भारतात व अमेरिकेत झाल्या आहेत, तथापि प्रतिविषाची जागा घेणारे औषध अद्याप हाती आलेले नाही.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. भारत सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले.

हे उद्दिष्ट गाठायचे तर पहिल्या तासाचे मोल प्रत्येक घरात कळले पाहिजे. जखम चिरणे, विष चोखणे, दोरीने करकचून आवळणे वा मांत्रिकाकडे नेणे यांपैकी कशानेही विष थांबत नाही. करकचून आवळलेल्या अवयवाची हानी मात्र वाढते. रुग्णाला धीर द्यावा, चावलेला अवयव हलू देऊ नये, अंगठ्या व पैंजण काढावेत आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. पेशीचा तट ढासळण्याआधी प्रतिविष पोहोचले, तरच त्याचा पुरता उपयोग होतो.