कटल्याचा रस्सा का गोठतो?

थंडीच्या दिवसांत गडचिरोलीकडे कटला माशाच्या मुंडक्याचा रस्सा रात्री झाकून ठेवला, तर सकाळी तो पातेल्यात थरथरत गोठलेला दिसतो. चुलीवर चढवला की पुन्हा पातळ. कातडी आणि हाडांतलं कोलॅजेन हे प्रथिन शिजून रश्श्यात उतरतं; तेच हे थंडीत गोठणारं जिलेटिन.

जगाने माशाचं जिलेटिन फार पूर्वीपासून वापरलं आहे. स्टर्जन माशाच्या पोटातली हवेची पिशवी सुकवून केलेल्या सरसाने रशियात धर्मचित्रांचे पोपडे बसवले, मध्य आशियात धनुष्यांची शिंगं जोडली. बिअर नितळ करायलाही हाच पदार्थ लागे. तो हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून मिळावा म्हणून जॉन फोर्ब्स रॉयल यांनी १८४२ मध्ये पुस्तकच लिहिलं. पालघरच्या घोळ माशाला आज लाखांचा भाव येतो, तोही मुख्यतः त्याच्या पोटातल्या अशाच पिशवीमुळे.

पण कोलॅजेन म्हटलं की मला आठवतात ते मद्रासचे शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन. कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधाची क्ष-किरण चित्रं अभ्यासून त्यांनी आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये दाखवून दिलं, की कोलॅजेन म्हणजे तीन पेडांची वेणी आहे. पुढच्याच वर्षी क्रिक आणि रिच या शास्त्रज्ञांनी त्या रचनेत दुरुस्ती सुचवली आणि परदेशात चर्चा त्यांचीच जास्त झाली. तीन पेडांची मूळ कल्पना मात्र मद्रासची! रामचंद्रन यांना नोबेल मिळालं नाही, याची मला आजही खंत वाटते.

ही वेणी किती उष्णतेला उसवते, हे मासा कुठल्या पाण्यात वाढला त्यावर ठरतं. तिच्यात हायड्रॉक्सीप्रोलीन हे अमिनो आम्ल जास्त, तर वेणी पक्की. थंड समुद्रातल्या कॉडमध्ये ते कमी असतं, म्हणून त्याचं जिलेटिन खोलीच्या तापमानाला गोठतच नाही. चंद्रपूरच्या उन्हाने तापणाऱ्या मामा (माजी मालगुजारी) तलावांतल्या रोहू-कटल्याचं कोलॅजेन त्याहून कितीतरी टिकाऊ, आणि त्याचं जिलेटिनही अधिक उष्णतेपर्यंत घट्ट राहतं. कोलॅजेनची पूड खाल्ली की ती थेट गालाच्या कातडीत जाऊन बसते, हा जाहिरातींचा दावा मात्र मानू नये. पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखे तिचेही तुकडे होतात.

बाजारात मासोळी साफ करून घेतली की कोलॅजेनने भरलेले खवले उकिरड्यावर जातात. खवल्यांतून जिलेटिन काढण्याची रीत आता नवी राहिलेली नाही. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने मामा तलावांतल्या माशांचे खवले तपासावेत, आणि त्यातून काही उत्पन्न निघालं तर त्यावर पहिला हक्क ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांचा असावा.