उचल, कातडी आणि प्लॉट

१८१८ साली मॉन्ट्रियलमध्ये सोळाही पूर्ण न झालेल्या एका पोरानं अमेरिकन फर कंपनीशी पाच वर्षांचा करार केला. पगार वर्षाला १२० डॉलर. गर्डन सॉल्टनस्टॉल हबर्ड हे त्याचं नाव, जन्म १८०२ चा, व्हरमाँटमधला. कंपनी जॉन जेकब ॲस्टरची. परदेशी माणसाला अमेरिकेच्या हद्दीत फरचा धंदा करायला १८१६ च्या कायद्यानं बंदी झाली होती. त्यामुळे ॲस्टरला मैदान मोकळं मिळालं आणि गुमास्तेही अमेरिकन हवे झाले.

कंपनीची मोठी वखार ह्युरॉन सरोवरातल्या मॅकिनॉ बेटावर होती. तिथून माल भरलेल्या होड्या निघत. त्याच शरद ऋतूत हबर्ड शिकागोला पोहोचला. शिकागो म्हणजे तेव्हा फोर्ट डिअरबॉर्न हा किल्ला आणि किन्झी कुटुंबाच्या घरासारखी मोजकी घरं. किल्ल्याच्या अलीकडे एका झाडावर चढून त्यानं आयुष्यात पहिल्यांदा प्रेअरी पाहिली.

पुढची वाट मात्र चिखलाची होती. शिकागो नदी आणि डे प्लेन नदी यांच्यामध्ये मड लेक नावाची दलदल होती. पाणी कमी असलं की माणसं कंबरभर चिखलात उतरून, होडीच्या कडेला लटकत ती पुढे रेटत. अंगाला जळवा चिकटत. त्या सुटाव्यात म्हणून तंबाखूचा काढा लावत. रात्री डास. या वाटेचं हबर्डनं केलेलं वर्णन वाचलं की सरहद्दीवरच्या साहसाबद्दलचं आपलं सगळं प्रेम ओसरतं.

हा धंदा उधारीवर चाले. पानगळीच्या दिवसांत व्यापारी पोटावाटोमी आणि किकापू शिकाऱ्यांना घोंगड्या, बंदुकीची दारू, सुऱ्या, मणी, तंबाखू देई आणि खात्यावर मांडून ठेवी. हिवाळाभर शिकार करून वसंतात मस्करॅट, रॅकून, पाणमांजर, हरीण यांच्या कातड्यांनी ते खातं फेडायचं. ऊसतोडीची उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातली मेख सांगायला नको: हंगाम वाईट गेला तरी बाकी पुढच्या वर्षी चढतेच.

हबर्ड या लोकांत राहिला, त्यांची भाषा शिकला. झपाझप चालण्यावरून त्यांनी त्याला ‘पापामाताबे’ म्हणजे वेगानं चालणारा, असं नाव दिलं. पोटावाटोमी प्रमुख तमिनच्या भाचीशी, वॉट्सीकाशी, त्याचं लग्न झालं. मुलगी झाली, ती गेली. सुमारे दोन वर्षांनी नवराबायको वेगळी झाली. दोघांच्या संमतीनं, असं हबर्ड लिहितो. वॉट्सीकाची बाजू लिहिलेली नाही. पुढे तिनं हबर्डच्याच हाताखालच्या नोएल लेव्हासरशी लग्न केलं आणि १८३० च्या दशकात ती आपल्या लोकांबरोबर पश्चिमेला गेली. इलिनॉयमधल्या एका गावाला आज तिचं नाव आहे.

दलदलीला कंटाळून हबर्डनं एकदा होड्या पाण्यात बुडवून लपवल्या आणि माल तट्टांवर लादला. त्या तांड्यांनी पडलेली वाट म्हणजे ‘हबर्ड ट्रेल’. डॅनव्हिलकडून शिकागोला येणारा हा मार्ग पुढे राज्यानं आपला मानला, आणि आजचा स्टेट स्ट्रीट त्याच मार्गाच्या शहरातल्या टोकावर आहे.

दरम्यान शिकार आटत चालली होती, वस्ती वाढत होती. हे सर्वांत आधी कळलं ते व्यापाऱ्याला. हबर्डनं १८२९ मध्ये डुकरं आणून शिकागोत कापली. पिंपं वेळेवर आली नाहीत म्हणून मांस नदीकाठी थंडीत गोठवत रचून ठेवलं. मग १८३३ चा शिकागोचा तह झाला. पोटावाटोमी, ओटावा आणि ओजिब्वे यांनी सुमारे ५० लाख एकर जमीन सोडली. मोबदल्यातले दीड लाखाहून अधिक डॉलर व्यापाऱ्यांचे दावे भागवायला बाजूला काढले गेले; अमेरिकन फर कंपनीही त्या यादीत होती. घोंगडीची उधारी अखेर जमिनीतून वसूल झाली. मला या सगळ्या इतिहासात कातड्यांच्या गठ्ठ्यांपेक्षा ही यादी अधिक बोलकी वाटते.

हबर्ड १८३४ मध्ये शिकागोतच स्थायिक झाला. त्यानं विटांचं मोठं गोदाम बांधलं, तेव्हा लोक त्याला ‘हबर्डचा वेडेपणा’ म्हणत. जमिनींचे सौदे, विमा, मांसाचा कारखाना, सगळ्यात त्याचा हात होता. चिखलातून होड्या ओढलेला हा माणूस इलिनॉय-मिशिगन कालव्याच्या आयुक्तांपैकी एक झाला. ९६ मैलांचा हा कालवा १८४८ मध्ये खुला झाला आणि चिखलातून होड्या ओढण्याचं काम संपलं.

१८७१ च्या आगीत त्याची संपत्ती गेली, आठवणींचं हस्तलिखितही जळलं. म्हातारपणी त्यानं ते पुन्हा लिहायला घेतलं. दृष्टी गेली, १८८६ मध्ये तो वारला आणि पुस्तक दोन वर्षांनी निघालं. त्यात बहुतेक सगळं तरुणपणीच्या फर व्यापाराचं आहे. प्लॉट आणि डुकरांची श्रीमंती सांगण्याआधीच त्याची हकिकत थांबते.