आधी मान उडवतात, मग गोष्ट सांगतात : ‘डीमन स्लेयर’चे व्हिलन डोक्यातून का जात नाहीत?

‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ १२ सप्टेंबर २०२५ ला भारतात थिएटरला लागला. त्यात अकाझा नावाचा राक्षस मरतो. हा तोच अकाझा, ज्यानं ‘मुगेन ट्रेन’मध्ये सगळ्यांच्या लाडक्या रेंगोकूच्या पोटातून हात आरपार घातला होता. तेव्हा त्याला शिव्या घालणारी पोरं आता त्याच्याच नावानं रडके रील्स टाकतायत.

मग कमेंटमध्ये एक आक्षेप ठरलेला असतो. आयुष्यभर माणसं खाल्ली आणि मरताना पाच मिनिटांचा दुःखी फ्लॅशबॅक दाखवला, की सगळं माफ?

आक्षेप बिनबुडाचा नाही. पण ही सिरीज तो फ्लॅशबॅक कधी दाखवते, हे नीट बघितलं तर उत्तर तिथंच सापडतं. (पुढे भरपूर स्पॉयलर आहेत, अगदी मांगाच्या शेवटापर्यंतचे.)

आधी थोडक्यात गोष्ट. कोयोहारू गोतोगे यांची ही मांगा २०१६ ते २०२० या काळात जपानच्या ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात आली, तिचे २३ खंड झाले. २०१९ मध्ये युफोटेबल स्टुडिओनं तिचा ॲनिमे केला. काळ तैशो युगाचा, म्हणजे १९१२ ते १९२६ मधला. डोंगरात कोळसा विकणारा तांजिरो घरी परततो तर आई आणि भावंडं मेलेली. वाचलेली बहीण नेझुको राक्षस झालेली. तिला पुन्हा माणूस करायचं म्हणून तो राक्षस मारणाऱ्यांच्या दलात जायचं ठरवतो.

इथंच खरी गोम आहे. हिरोला राक्षस मारायचेत आणि त्याच्याच पाठीवरच्या पेटीत एक राक्षस झोपलाय. त्याचा गुरू उरोकोदाकी भेटल्या भेटल्या विचारतो की, बहिणीनं माणूस खाल्लं तर काय करशील? तांजिरो गडबडतो आणि त्याला सणसणीत थप्पड बसते. गुरूला अपेक्षित उत्तर असतं : तिला मारायचं आणि आपणही पोट फाडून मरायचं. पुढे दलाच्या बैठकीत कळतं, की नेझुकोनं कुणाला खाल्लं तर आपणही जीव देऊ, असं उरोकोदाकी आणि गियू दोघांनी लिहून दिलंय. म्हणजे इथं दया फुकट मिळत नाही. कुणीतरी जिवानिशी जामीन राहतं.

आता व्हिलनकडे येऊ. रुई हा कोळ्याच्या जाळ्यांनी मारणारा पोरगा. धाकदपटशानं त्यानं इतर राक्षसांचं खोटं ‘कुटुंब’ बनवलंय. गियू त्याची मान उडवतो आणि त्यानंतर आपल्याला कळतं, की माणूस असताना तो जन्मापासून आजारी होता. त्यानं माणूस मारल्यावर आईबाप त्याला मारून स्वतःही त्याच्यासोबत मरणार होते, पण ते कळायच्या आत त्यानं दोघांना संपवलं. विरघळत चाललेल्या रुईच्या पाठीवर तांजिरो हात ठेवतो. गियू त्याच्या कपड्यांवर पाय देतो, तेव्हा तांजिरो अडतो. त्याचं म्हणणं असं : मेलेल्यांसाठी मी तलवार चालवताना कचरणार नाही, पण आपण काय केलं याचं दुःख झालेल्याला तुडवणारही नाही.

म्हणजे आधी शिक्षा, मग सुनावणी. सुनावणीचा शिक्षेवर काडीचाही परिणाम होत नाही. मान उडालेलीच असते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण माझ्या मते अकाझा नाही, ग्युतारो आणि डाकी आहेत. ही भावंडं योशिवारात, म्हणजे आजच्या तोक्योतल्या जुन्या वेश्यावस्तीत, सगळ्यात गरीब गल्लीत जन्मलेली. बहिणीचं माणूस असतानाचं नाव उमे. आई ज्या गुप्तरोगानं मेली, त्याच्या नावावरून ते ठेवलेलं! तेरा वर्षांची असताना तिनं एका सामुराईचा डोळा फोडला आणि तिला बांधून जिवंत जाळलं गेलं. भाऊ कामावरून परतला तेव्हा ती कोळसा झालेली. तांजिरोचंही तेच झालं होतं की! कामावरून परतला आणि घर संपलेलं. एकाला त्या दिवशी गियू भेटला, दुसऱ्याला राक्षस. फरक एवढाच.

तरीही सिरीज त्यांना सोडत नाही. तुटलेली मुंडकी एकमेकांना शिव्या घालत असतात तेव्हा तांजिरो ग्युतारोचं तोंड दाबतो आणि सांगतो, की तुम्हाला कुणीच माफ करणार नाही, निदान तुम्ही तरी एकमेकांना तोडून बोलू नका. मग भाऊ बहिणीला पाठुंगळी घेऊन आगीत चालत जातो. स्वर्ग वगैरे काही नाही.

अकाझाचं कोडं थोडं वेगळं आहे. त्याच्या हातावरचे पट्टे लढाऊ डिझाइन वाटतात, पण ती एदो काळात गुन्हेगारांना गोंदून दिली जाणारी शिक्षा होती. आजारी बापाच्या औषधासाठी त्यानं चोऱ्या केलेल्या. पुढे आसरा देणारा गुरू आणि होणारी बायको कोयुकी यांना शेजारच्या आखाड्यातल्यांनी विहिरीत विष टाकून मारलं, आणि त्यानं तिथली ६७ माणसं हातांनी फोडली. लढताना त्याच्या पायाखाली उमटणारं बर्फाच्या स्फटिकाचं चिन्ह कोयुकीच्या केसातल्या आकड्यासारखं आहे. तो सगळं विसरलाय, त्याचं अंग मात्र विसरलेलं नाही. दुबळ्यांचा त्याला इतका तिटकारा का, हेही तिथंच कळतं : वेळेवर पोहोचू न शकलेला तो स्वतःच तो दुबळा. मान उडाल्यावरही त्याचं शरीर लढत राहतं, आणि आठवण परतल्यावर तो शेवटचा वार स्वतःवर करतो.

या सगळ्यांचा मालक मुझान. यालाही भूतकाळ आहे : हजार वर्षांपूर्वीचा मरणाला टेकलेला आजारी तरुण, ज्यानं औषध देणाऱ्या वैद्यालाच मारलं. पण त्याला पश्चात्ताप नाही. मला भूकंप-वादळासारखं समजा आणि आपापल्या कामाला लागा, असं तो बिनदिक्कत सुनावतो. काहींना तो फिका व्हिलन वाटतो. मला वाटतं तो मुद्दाम तसा ठेवलाय, कारण बाकीच्यांकडे हरवलेलं कुणीतरी आहे आणि याच्याकडे फक्त स्वतःचा जीव. शेवटी उन्हापासून वाचायला तो मांसाचं अवाढव्य बाळ होतो, आणि ज्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत असे दलातले लोक त्याला उजाडेपर्यंत रोखून धरतात.

मरता मरता तो आपलं रक्त तांजिरोत भरतो आणि हिरोच राक्षस होतो. यानं कुणाला मारायच्या आत याला मारा, असा हुकूम गियूच देतो. आता माणूस झालेली नेझुको भावाला मिठी मारून त्याला रोखते. उरोकोदाकीचा सुरुवातीचा प्रश्न इथं तिच्यासमोर येतो, फक्त भावंडांच्या जागा बदललेल्या. औषधाचा डोस पोहोचतो, तोवर तांजिरोनं एकालाही मारलेलं नसतं.